अस्तराखाली काय आहे? : सीताबर्डीतील गृहसजावटीची खरेदी

नागपूरकरांच्या तोंडी सीताबर्डीची 'बर्डी' होते, आणि 'बर्डीला जाऊन येतो' याचा अर्थ खरेदी करून येतो, असा पिढ्यान्‌पिढ्या रूढ आहे. १८१७ च्या नोव्हेंबरात ज्या टेकड्यांवर भोसल्यांचे सैन्य आणि ईस्ट इंडिया कंपनीची फौज यांची लढाई झाली, त्याच टेकड्यांच्या पायथ्याशी ही बाजारपेठ पसरली आहे. व्हरायटी चौकापासून जाणारा मुख्य रस्ता, मोदी नंबर एक, दोन, तीन या गल्ल्या, पदपथावरचे चादरी-अभ्र्यांचे ढीग आणि त्यांच्याच डोक्यावर काचेआड उजळलेली दालने, असे सगळे येथे एकत्र नांदते. आता मेट्रोच्या दोन्ही मार्गिका सीताबर्डी स्थानकात एकमेकींना मिळतात. त्यामुळे वर्धा मार्गावरील नव्या वसाहतींतून असो वा सेंट्रल एव्हेन्यूच्या बाजूने असो, घर सजवू इच्छिणाऱ्या कुटुंबाची पावले प्रथम इकडेच वळतात.

नव्या सदनिकेचा ताबा मिळाला किंवा घरात लग्न ठरले, की ही खरेदी निघते. दागिने आणि जागा यांच्या खालोखाल कुटुंबाचा मोठा पैसा या एका व्यवहारात जातो आणि घेतलेली वस्तू पुढची दहा-वीस वर्षे डोळ्यांसमोर राहते. तरीही एक विसंगती वारंवार दिसते. जो गृहस्थ दुकानात धान्याचे पोते बांबी मारून पाहतो, कापडाचा तागा उलगडून उजेडात धरतो, सोने कसोटीवर घासल्याशिवाय हातात घेत नाही, तोच गृहस्थ सोफा मात्र वरचा रंग पाहून पसंत करतो. मालाची पारख ही व्यापारी कुटुंबाची वडिलोपार्जित विद्या आहे. घर सजवतानाच ती बाजूला ठेवण्याचे कारण नाही. 'याच्या आत काय आहे?' हा एक प्रश्न प्रत्येक दुकानात, प्रत्येक वस्तूपाशी विचारला, तर टिकाऊपणा, आरोग्य आणि आचार या तिन्ही बाबतींतली निम्मी फसगत टळते.

लाकडाची पारख

लाकडाच्या बाबतीत नागपूरकर भाग्यवान आहेत. जुन्या मध्य प्रांताची राजधानी हीच होती आणि त्या प्रांताचे नाव लाकडाच्या व्यापारात 'सी.पी. टीक' म्हणून आजही टिकून आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील बल्लारशा व आलापल्लीचा साग देशभर नावाजलेला आहे. महाराष्ट्र वनविकास महामंडळाचे मुख्यालय नागपुरातच आहे. दिल्लीतील नव्या संसद भवनासाठी सागवान नागपुरातून गेले आणि अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी बल्लारशाचा साग २०२३ साली समारंभपूर्वक रवाना झाला. शहरातील लकडगंज या भागाच्या नावातच लाकूड आहे.

अशा शहरात 'सागवानी' म्हणून भलतेच लाकूड गळ्यात पडणे खेदाचे आहे. पारख फार अवघड नाही. सागाच्या गाभ्याचे लाकूड सोनेरी-तपकिरी, किंचित तेलकट आणि विशिष्ट वासाचे असते. बाहेरचा पांढुरका थर मात्र कमी टिकतो आणि वाळवीला लवकर बळी पडतो. म्हणून वस्तूचा दर्शनी भाग नव्हे, तर पॉलिश न लागलेली बाजू पाहावी. कपाटाची पाठ, खणाचा तळ, पलंगाची आतली पट्टी येथे लाकडाचे खरे रूप दिसते. लकडगंजात घनफुटाचा भाव आधी विचारून ठेवला, तर बर्डीतील तयार वस्तूची किंमत कितपत रास्त आहे, याचा अंदाज घरबसल्या बांधता येतो.

आजची बहुतेक आधुनिक सजावट सागाची नसते. ती प्लाय, एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्डची असते. त्यात गैर काही नाही, मात्र तिन्हींमधला फरक ग्राहकाला माहीत हवा. प्लायमध्ये लाकडाचे पातळ थर आडवे-उभे चिकटवलेले असतात. एमडीएफ लाकडाच्या बारीक तंतूंपासून, तर पार्टिकल बोर्ड लाकडाच्या चुऱ्यापासून दाबून तयार होते. वरून सनमायका बसला की तिन्ही सारखेच दिसतात. सर्वसाधारण वापराच्या प्लायसाठी आयएस ३०३ आणि पाण्याशी संबंध येणाऱ्या जागी वापरायच्या मरीन प्लायसाठी आयएस ७१० हे भारतीय मानक आहे. प्लायवर आयएसआय चिन्हाबरोबर परवाना क्रमांक छापलेला असतो आणि तो 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपवर तपासता येतो. सुताराने पाट्या कापण्यापूर्वीच हे पाहून घ्यावे, कारण कापल्यानंतर छाप कोणत्या तुकड्यावर गेला हे सापडत नाही.

नागपूरच्या हवेचा हिशेब येथे वेगळा मांडावा लागतो. २३ मे २०१३ रोजी या शहराचे तापमान ४७.९ अंशांवर पोहोचले होते. अशा कोरड्या उन्हाळ्यात नीट न वाळवलेले लाकूड तडकते आणि सांधे सैल होतात. त्याच महिन्यांत घरोघरी कूलर सुरू असतो. त्याची ओलसर हवा रात्रंदिवस ज्या कपाटावर किंवा टीव्हीच्या युनिटवर आदळते, ते पार्टिकल बोर्डचे असेल, तर दोन-तीन उन्हाळ्यांत त्याच्या कडा फुगतात. मुंबईच्या किंवा परदेशी मासिकातले चित्र पाहून सामान निवडताना आपल्या घरात कूलर कोठे बसतो, हे आधी ठरवावे.

आरोग्याचाही मुद्दा आहे. दाबून केलेल्या बोर्डांत सहसा युरिया-फॉर्मल्डिहाइडचा चिकटा असतो. नव्या फर्निचरचा डोळ्यांना झोंबणारा वास त्याचाच. फॉर्मल्डिहाइडला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांत गणले आहे. त्याचे उत्सर्जन कमी असलेले बोर्ड 'ई-१' किंवा 'ई-०' या नावाने मिळते. मुलांच्या खोलीसाठी तरी तेच मागावे आणि नवे कपाट आल्यावर काही दिवस खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

आवरण, भरण आणि चिकटा

श्रावक कुटुंबाच्या दृष्टीने नाजूक प्रश्न लाकडाचा नाही. तो आवरणाचा आणि भरणाचा आहे. चामड्याचा सोफा घरात आणायचा नाही, हे बहुतेकांचे ठरलेले असते. परंतु बाजारातील शब्द फसवे असतात. 'बॉन्डेड लेदर' हे नाव ऐकून अनेकांना ते कृत्रिम वाटते, मात्र त्यात खऱ्या चामड्याचा चुरा असतो. 'लेदराइट', 'रेक्झिन' आणि 'पीयू' ही कृत्रिम आवरणे होत. त्यांतील हलक्या प्रतीचे आवरण नागपूरच्या उन्हाळ्यात लवकर सोलवटते, म्हणून घाईने घेऊ नये.

पडदे व उशांच्या बाबतीत 'रॉ सिल्क' म्हटले, की ते खरे रेशीम आहे की त्याच्यासारखे दिसणारे कापड, हे विचारावे लागते. 'आर्ट सिल्क' हे कृत्रिम धाग्याचे असते. मऊ, महागड्या उशांत आणि रजयांत बदकांची पिसे असू शकतात. त्यांना 'डाऊन' म्हणतात. त्याऐवजी सावरीचा कापूस किंवा कृत्रिम तंतू मिळतो. शोकेसमध्ये मांडण्यासाठी घेतलेल्या 'बोन चायना'च्या कपबश्यांत नावाप्रमाणेच जनावरांच्या हाडांची राख असते. तितकीच देखणी पोर्सिलेन किंवा स्टोनवेअरची भांडी सहज मिळतात. जुन्या पद्धतीचे चपड्याचे पॉलिश लाखेपासून होते आणि लाख हा लहान कीटकांचा स्राव असून ती गोळा करताना कीटकांचा नाश होतो. त्याला मेलामाइन, पीयू किंवा विदर्भात पिकणाऱ्या जवसाचे तेल असे पर्याय आहेत. तेल दिलेल्या सागाची मंद झळाळी आजच्या रुचीला उलट अधिक भावते.

चिकट्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. एके काळी सुतार सरस वापरत. ते जनावरांच्या कातड्या-हाडांपासून होई आणि चुलीवर वितळवून लावावे लागे. १९५९ साली बाजारात आलेल्या 'फेविकॉल'ने हे चित्र पालटले. त्यामागचे बळवंत पारेख १९२५ साली गुजरातेतील महुवा येथे जन्मले. कायद्याची पदवी घेऊनही त्यांनी वकिली केली नाही, आणि आरंभीच्या दिवसांत एका लाकूड व्यापाऱ्याच्या कचेरीत शिपाई म्हणून काम केले. लाकडाच्या कामातील अडचण त्यांनी जवळून पाहिली होती. न तापवता लावता येणारा कृत्रिम गोंद घरोघरच्या सुतारांनी स्वीकारला आणि देशातील असंख्य घरांतून सरस आपोआप हद्दपार झाले. सोयीची वस्तू आणि निर्दोष वस्तू एकच असू शकते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

भरणाच्या फोमचीही पारख करता येते. बाजारात त्याला '३२ डेन्सिटी', '४० डेन्सिटी' असे म्हणतात. घनता कमी असलेला फोम दुकानात गुबगुबीत वाटतो आणि वर्षभरात खड्डा पडतो. बैठकीच्या गादीची चेन उघडून आतला फोम पाहू देण्यास जो दुकानदार तयार होतो, त्याच्याकडे थोडे अधिक पैसे मोजणे परवडते.

देखणेपण कशात आहे

आधुनिक म्हणजे चकचकीत, हा समज जुना झाला. १९५० च्या दशकात चंदीगड शहर उभे राहिले, तेव्हा तेथील कचेऱ्यांसाठी पिएर जान्नरे यांनी साग आणि वेत यांच्या साध्या खुर्च्या घडवल्या. पुढे त्या मोडीत निघाल्या, भंगारात विकल्या गेल्या. आज त्याच खुर्च्या परदेशांतील लिलावांत लाखोंच्या किमतीला जातात. त्यांवर नक्षी नाही, मखमल नाही. खरे लाकूड, हवेशीर वेत आणि नेमकी प्रमाणे एवढ्यावर त्यांचे सौंदर्य उभे आहे.

हे सारे विदर्भाला परके नाही. चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र असून बांबूचे दिवे, खुर्च्या, पडदे आता शहरी घरांतही शोभतात. कापूस तर येथलाच. जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ साली नागपुरात सुरू झाली, ती याच कापसाच्या भरवशावर. सुती पडदे आणि सुती आवरणे उन्हाळ्यात अंगाला चिकटत नाहीत, घरी धुता येतात. आणि पेढीवरची आपली जुनी बैठक, म्हणजे पांढऱ्या चादरीची गादी, लोड आणि तक्के, आज 'लो सीटिंग' या नावाने दालनांत मांडलेली दिसते. ज्या घरात ती अजून आहे, त्याने ती काढून टाकण्याची घाई करू नये.

मांडणीत आचाराचा विचार केला, तर घर अधिक सुंदरच होते. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या कुटुंबाने जेवणाचे टेबल नैसर्गिक उजेड येतो तेथे ठेवावे. ताटातले अन्न स्पष्ट दिसले पाहिजे. माणशी दोन फूट रुंदी आणि खुर्ची मागे सरकवण्यास तीन फूट मोकळी जागा धरली, की टेबलाचे माप आपोआप ठरते. सोफा, पलंग, कपाट यांना सहा इंच उंचीचे पाय असले, तर झाडू खालपर्यंत पोहोचतो. भिंतीला चिकटलेल्या आणि जमिनीला टेकलेल्या सामानामागे ओल साचते, वाळवी लागते, झुरळे होतात आणि मग औषध फवारण्याची वेळ येते. जीव होऊच नयेत अशी मांडणी करणे हीच खरी यत्ना. प्रक्रिया केलेला प्लाय, वाळलेले लाकूड आणि मोकळी हवा यांनी हे साधते.

बर्डीला निघण्यापूर्वी

खोलीची, दाराची, जिन्याच्या वळणाची आणि लिफ्टची मापे कागदावर घेऊन निघावे. सात फुटी सोफा लिफ्टमध्ये न मावल्याने परत गेल्याची उदाहरणे थोडी नाहीत. कापडाचा तुकडा घरी आणून दिवसा आणि रात्री, दोन्ही उजेडांत पाहावा. बिल पक्के घ्यावे आणि त्यावर केवळ 'सोफा सेट' न लिहिता लाकडाची जात, प्लायची प्रत, फोमची घनता आणि आवरणाचे नाव लिहून घ्यावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रार करण्याची वेळ आलीच, तर हेच चार शब्द उपयोगी पडतात. प्रामाणिक दुकानदाराला त्यात अडचण नसते, हे व्यापारी वाचकांना वेगळे सांगायला नको.

शेवटी, खरेदीची यादी करण्यापूर्वी घरात काय आहे, ते पाहावे. श्रावकाच्या परिग्रह-परिमाण व्रतात जमीन आणि सोन्याच्या बरोबरीने घरातले सामानही मोजले जाते. इतवारी-महालच्या जुन्या घरांतून आलेले आजोबांच्या काळचे सागवानी पलंग आणि फडताळे अनेक सदनिकांत अडगळ म्हणून पडून आहेत. त्या लाकडातील ओल कधीच निघून गेली आहे आणि त्याला आता तडे जाण्याची भीती नाही. कुशल सुतार त्याच फळ्यांतून आजच्या धाटणीचे टेबल, पुस्तकांची मांडणी किंवा वेताच्या पाठीची खुर्ची करून देतो. नवे झाड तुटत नाही, मजुरीइतकाच खर्च येतो, आणि अस्तराखाली काय आहे हा प्रश्न विचारावा लागत नाही, कारण त्या लाकडाला घर तीन पिढ्यांपासून ओळखते.