कार अपघातात हाड मोडल्यास: पहिला तास आणि पुढचे सहा महिने

समृद्धी महामार्ग आपल्या बुलढाणा जिल्ह्यात मेहकर, सिंदखेडराजा भागातून जातो. उत्तरेला मलकापूर, नांदुरा, खामगाव या गावांवरून राष्ट्रीय महामार्ग ५३ जातो. दोन्हीकडे वाहने वेगात असतात. १ जुलै २०२३ रोजी पिंपळखुटा गावाजवळ खासगी बस पेटून २५ प्रवाशांचा मृत्यू झाला, ती घटना आपल्याला आठवत असेलच. मात्र बऱ्याच अपघातांत माणूस वाचतो, हाड मोडते आणि पुढचे काही महिने सगळ्या घराची परीक्षा सुरू होते. रुग्ण पूर्ण बरा होणार की पायात कायमचे अधूपण राहणार, हे अनेकदा घरच्यांच्या साध्या निर्णयांवर ठरते. म्हणून हा लेख नातेवाइकांनीही वाचावा.

कारमध्ये कोणती हाडे मोडतात?

कार धडकून थांबते, पण आत बसलेला माणूस त्याच वेगाने पुढे जात राहतो. समोर बसलेल्याचा गुडघा डॅशबोर्डवर आदळतो. तो धक्का मांडीच्या हाडातून थेट खुब्यापर्यंत पोहोचतो. त्यामुळे गुडघ्याची वाटी फुटू शकते, मांडीचे हाड मोडू शकते किंवा खुब्याचा सांधा निखळू शकतो. सांधा मागे निखळला तर पाय आखूड दिसतो आणि आतल्या बाजूला वळतो. तो शक्यतो सहा तासांच्या आत बसवावा लागतो. उशीर झाल्यास खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडून तो कायमचा खराब होण्याचा धोका वाढतो.

चालकाच्या बरगड्या आणि छातीचे मधले हाड स्टिअरिंगवर आपटून मोडते. सीट बेल्टमुळे कधीकधी गळ्याजवळचे हाड, म्हणजे कॉलरबोन मोडते आणि मग 'बेल्ट लावला म्हणूनच लागले' असे ऐकायला मिळते. कॉलरबोन बहुतेकदा झोळीत हात ठेवून सहा ते आठ आठवड्यांत जुळते. काच फोडून बाहेर फेकल्या गेलेल्या माणसाच्या डोक्याबद्दल असे सांगता येत नाही. मागच्या सीटवर बेल्ट न लावता बसलेला माणूसही पुढच्या सीटवर आदळतो आणि पुढच्यालाही जखमी करतो.

पहिला तास

आग किंवा दुसऱ्या वाहनाचा धोका नसेल तर जखमीला हात-पाय धरून ओढून बाहेर काढू नका. मणका मोडला असेल तर त्या ओढाताणीत मज्जारज्जूला इजा होऊन लकवा होऊ शकतो. १०८ ला फोन करा, मान स्थिर धरा, रुग्णवाहिकेतील माणसे येऊ द्या. मोडलेला पाय सरळ करायचा प्रयत्न नको. आहे त्या स्थितीत आधार द्या. पुठ्ठा, फळी, ओढणी, गमछा, जे असेल ते वापरा. मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा, असे दोन्ही सांधे हलणार नाहीत असे बांधा. काहीच नसेल तर तो पाय चांगल्या पायाला बांधा.

बाहेर रक्त दिसत नाही म्हणून निश्चिंत राहू नका. मांडीचे एक हाड मोडले तरी आतल्या आत एक ते दीड लिटर रक्त जाऊ शकते. कंबरेचे हाड, म्हणजे पेल्विस मोडल्यास त्याहूनही जास्त. अंग गार पडणे, दरदरून घाम, अस्वस्थपणा, सारखी तहान ही धोक्याची चिन्हे आहेत. तहान लागली तरी पाणी किंवा चहा देऊ नका, कारण भूल द्यावी लागू शकते.

हाड कातडी फोडून बाहेर आले असेल तर स्वच्छ कापडाने झाका. हळद, कॉफी, चुना काहीही लावू नका. अशा जखमेत अँटिबायोटिकचे इंजेक्शन जितके लवकर, तितका हाडात पू होण्याचा धोका कमी. धनुर्वाताचे इंजेक्शनही लागते. अशा रुग्णाला आधी हाडवैद्याकडे नेऊन मालिश करून घेणे फार महागात पडते.

खर्चाबद्दल एवढे लक्षात ठेवा. केंद्र सरकारच्या २०२५ च्या कॅशलेस योजनेत रस्ते अपघातातील जखमीला नियुक्त रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेबद्दल दाखल होतानाच आरोग्यमित्राला विचारा.

प्लास्टर असो की रॉड

रॉड किंवा प्लेट घातली की हाड जुळले, असा समज असतो. रॉड फक्त हाडाची टोके सरळ रेषेत धरून ठेवतो. जुळायचे काम हाडालाच करावे लागते. आधी तिथे रक्त साकळते, दोन-तीन आठवड्यांत मऊ जोड तयार होतो आणि नंतर त्यात कॅल्शियम भरून तो कडक होतो. मोठ्या माणसाच्या मनगटाला साधारण सहा आठवडे लागतात, मांडीला तीन ते सहा महिने, नडगीला कधी त्याहून जास्त. हाड जुळलेच नाही तर सारखी वाकवलेली तार तुटावी तसा रॉडही तुटतो.

पाय टेकायचा केव्हा, हे सर्जनला स्पष्ट विचारा आणि कागदावर लिहून घ्या. रॉड घातलेल्या काही रुग्णांना लवकर उभे करतात, सांध्याजवळ प्लेट असेल तर आठवडेच्या आठवडे वजन टाकू देत नाहीत. शेजारच्याला जे सांगितले ते तुम्हाला लागू होत नाही.

प्लास्टर घातलेला हात-पाय पहिले काही दिवस उंचावर ठेवा आणि बोटे सतत हलवत राहा. गोळी घेऊनही दुखणे वाढतच असेल, बोटे सरळ केल्यावर असह्य कळ येत असेल, बोटे बधिर, निळी किंवा गार पडत असतील, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. आत दाब वाढून काही तासांतच स्नायू मरू शकतो. 'सकाळी बघू' म्हणू नका. पोटरी सुजणे, अचानक दम लागणे, ताप येणे किंवा टाक्यांतून पू येणे यासाठीही लगेच दाखवा.

घरी काय करावे?

तंबाखू, खर्रा, बिडी पूर्ण बंद. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड उशिरा जुळते. रुग्णाला भेटायला येणारेच पुडी देऊन जातात, तिकडे लक्ष ठेवा. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात हवी. खाण्यात महागडी पावडर लागत नाही. तूर-मूग डाळ, दूध, दही, अंडी, शेंगदाणे, तीळ, ज्वारीची भाकरी पुरते. डाळ 'वातूळ' म्हणून बंद करू नका, हाडाला प्रोटीन लागतेच. डिंकाचे लाडू आवडत असतील तर खुशाल खा, पण त्यांनी हाड लवकर जुळत नाही.

व्यायाम टाळल्याने होणारे नुकसान मी हाड न जुळण्यापेक्षा जास्त वेळा पाहतो. हाड उत्तम जुळते, पण गुडघा अर्धाच वाकतो. मग मांडी घालता येत नाही, उकिडवे बसून निंदण-खुरपण करता येत नाही. फिजिओथेरपी दुखते, तरीही ती रोज करायची. मालिश मात्र नको. तोपर्यंत घरात कमोडची खुर्ची आणा, ती भाड्यानेही मिळते.

पुन्हा गाडी चालवण्याआधी ब्रेक जोरात दाबता येतो का, हे डॉक्टरांना तपासू द्या. काहींना गाडीत बसले की धडधडते, झोपेत अपघात दिसतो. महिनाभरात हे ओसरले नाही तर तेही सांगा, त्यावर उपचार आहेत. आणि रॉड काढावाच लागतो का, हे बहुतेक जण विचारतात. मोठ्या माणसात त्रास नसेल तर सहसा नाही. काढायचाच असेल तर साधारण दीड-दोन वर्षांनी, एक्स-रेमध्ये हाड पक्के जुळलेले दिसल्यावर.