माळ्यावरची काळी पेटी भंगारात देण्याआधी

दिवाळीची साफसफाई निघाली की माळा रिकामा होतो, आणि नेमकी त्याच दिवसांत दारात हाक येते, "जुनंपानं काही आहे का ताई?" पितळेचं पातेलं आपण असं देऊन टाकत नाही, त्याचा भाव आपल्याला ठाऊक असतो. पण सासऱ्यांच्या वेळची ती जड काळी पेटी? ती अडगळ म्हणून जाते.

आमच्या गटातल्या एका काकूंनी अशीच पेटी ३५० रुपयांना दिली. वर त्या माणसाने तबकड्यांची चळत उचलली, तिचे वेगळे पैसे नाहीत. पुढे नातीने मोबाइलवर तसलीच पेटी विकायला ठेवलेली दाखवली. किंमत पाहून काकू दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. "कुणाला विचारायचं हेच मला माहीत नव्हतं गं," एवढंच त्या म्हणत राहिल्या.

म्हणून आम्ही चौघींनी हा विषय धरला. पुण्याच्या जुन्या बाजारात दोन रविवार फिरलो, आणि जन्मभर ग्रामोफोन दुरुस्त केलेल्या एका आजोबांपाशी बसून बरंच विचारून घेतलं.

आधी आपल्याकडे काय आहे ते ओळखायचं. बाजूला चावी घालायचं भोक असेल, वीज लागत नसेल, तर तो चावीचा ग्रामोफोन. तो फक्त ७८ च्या तबकड्यांसाठी. ७८ म्हणजे मिनिटाला ७८ फेरे. या तबकड्या लाखेच्या असतात, हातातून पडल्या की कपबशीसारख्या फुटतात. आपल्या देशात १९०२ साली कलकत्त्याला गौहर जान यांचं गाणं मुद्रित झालं ते याच जातीच्या तबकडीवर, आणि आपल्या आज्यांनी नाट्यपदं ऐकली तीही याच. मोठी, लवचीक, मिनिटाला सव्वातेहतीसच्या आसपास फेरे घेणारी एल.पी. परदेशात १९४८ साली आली. ती वाजवायला विजेचा किंवा बॅटरीचा रेकॉर्ड प्लेअर लागतो. चावीच्या यंत्रावर एल.पी. चुकूनही लावू नका. त्याचा जड भाग आणि लोखंडी सुई एकाच फेरीत तिची वाट लावते.

काकूंनी दिली ती पेटी एच.एम.व्ही.ची १०२ होती, असं फोटोवरून आजोबांनी सांगितलं. बॅगेसारखं झाकण, हातात धरून न्यायची मूठ. हे मॉडेल १९३१ साली आलं आणि पुढे खूप वर्षं निघत राहिलं. काळं भरपूर सापडतं. लाल, निळं, हिरवं कमी, म्हणून त्याला मागणी जास्त. पण रंगाच्याही आधी घेणारा दुसरंच बघतो: सगळे भाग मूळचे आहेत का? सुई जिथे बसते त्या गोल डबीला साउंडबॉक्स म्हणतात. ती मूळची असली, चावी मूळची असली, सुया ठेवायची छोटी वाटी जागेवर असली, तर किंमत वाढते. चावी हरवली म्हणून शेजारच्या यंत्राची घातली, की घटते.

आता यातली खरी गोम सांगतो. हॉटेलात, सिनेमात शोभेला ठेवलेला ग्रामोफोन तुम्ही पाहिला असेल. मोठा चकचकीत पितळी कर्णा, खाली नक्षीची पेटी, तिच्यावर कुत्र्याचं चित्र. बाजारात दिसणारे यातले कितीतरी नवे जोडलेले असतात. पेटी नवी, कर्णा नवा, चित्रसुद्धा नवं चिकटवलेलं. आत फिरणारी मोटर मात्र जुनी लागते. ती कुठून येते? आपल्या माळ्यावरच्या पेटीतून! चांगली चालती पेटी थोडक्यात घ्यायची, तिचं पोट फाडून मोटर काढायची आणि कर्ण्याखाली बसवायची. जाणता संग्राहक असलं जोडकाम हातात धरत नाही, परदेशातले तर नाहीच नाही. म्हणजे खरी वस्तू मोडून खोटी तयार होते. आम्ही एका दुकानात तसं विचारलं, तर दुकानदार हसला आणि म्हणाला, "ताई, गिऱ्हाइकाला कर्णाच पाहिजे." त्याचंही खोटं नाही म्हणा.

म्हणून कुणी "कर्णा नाही ना, मग याला काय किंमत?" असं म्हणालं तर दबू नका. या पेटीचा कर्णा लाकडाच्या आतच दडवलेला असतो.

चालतंय का हे घरी बघता येतं. चावी हलक्या हाताने भरा, जोर लावू नका. एका भरणीत ७८ च्या तबकडीची एक बाजू, म्हणजे साधारण तीन मिनिटं, वेग न मोडता वाजली पाहिजे. मधेच गाणं बसक्या आवाजात लांबलं तर आतलं ग्रीस वाळलेलं असतं. ते दुरुस्त होतं. आतून धप्प असा आवाज आला तर स्प्रिंगचं काम आहे. स्प्रिंगचा डबा घरी उघडायचा नाही, कुणाच्या हुशार मुलालाही उघडू द्यायचा नाही. दाबलेली पोलादी पट्टी उसळली की बोटं कापते. आणि लोखंडी सुई एका बाजूला एकच. काटकसर म्हणून तीच पुन्हा वापरली, तर तबकडी खरवडते.

विजेच्या प्लेअरचं गणित वेगळं. एच.एम.व्ही.चा फिएस्टा पुष्कळ घरांत होता, म्हणून तो दुर्मीळ नाही. चालू असेल तर मान, नसेल तर फारसा नाही. त्यात बहुधा दोन गोष्टी बिघडतात. थाळी फिरवणारं रबरी चाक कडक होतं किंवा एका जागी चेपतं, मग गाण्याखाली धडधड ऐकू येते. दुसरं, जुन्या प्लेअरच्या सुईमागे मिठाच्या जातीचा स्फटिक असायचा. तो ओल धरतो. कोकणातल्या चार पावसाळ्यांत त्याचा जीव गेलेला असतो. दोन्ही भाग बदलता येतात, म्हणून "बंद आहे" ऐकून लगेच भाव पाडू देऊ नका. वर्षानुवर्षं पडून असलेला प्लेअर तपासल्याशिवाय प्लगमध्ये मात्र खुपसू नका.

गॅरार्ड हे इंग्लंडचं नाव दिसलं तर नंबर वाचा. ३०१ आणि ४०१ या जड, एकेकच तबकडी वाजवणाऱ्या यंत्रांसाठी शौकीन लोक खूप पैसे मोजतात. पण तेच नाव साध्या, आपोआप तबकड्या बदलणाऱ्या असंख्य यंत्रांवरही आहे. नावावर भुलू नका, भांडूही नका. अमेरिकेतून कुणी आणलेला प्लेअर असेल तर तिथली वीज ११० ते १२० व्होल्टची. ट्रान्सफॉर्मर लावला तरी बऱ्याच जुन्या मोटरी इथे हळू फिरतात, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आणि तिथली ६० ची. बिघाड समजून तो फेकू नका. वेग तपासायला तबकडीखाली कागदाचा कपटा अडकवा आणि मोजा: एल.पी.च्या वेगाला तीन मिनिटांत बरोबर १०० फेरे.

तबकड्या यंत्रासोबत फुकट द्यायच्या नाहीत. त्यांचा वेगळा भाव करा. उभ्या ठेवा, आडवी चळत लावू नका. लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावलं तर लाख विरघळते. मऊ, किंचित ओल्या फडक्याने पुसा, बस.

यंदा आमच्या दुसऱ्या एका ताईंच्या माळ्यावर तशीच काळी पेटी निघाली. मुलीच्या नर्सिंगची फी भरायची होती, विकायचंच होतं. आम्ही आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढले, चावी आणि साउंडबॉक्स वेगळे दाखवले, एक तबकडी वाजवून मोबाइलवर आवाज धरला आणि तिघांना पाठवलं. पहिला म्हणाला १,२००. दुसरा म्हणाला ४,०००, पण तबकड्यांसकट. तिसऱ्याने चावी मूळची आहे का, हे विचारलं. तिथेच आम्ही ओळखलं, याला कळतं. ९,५०० ला व्यवहार झाला, कागदावर लिहून, पैसे ताईंच्या खात्यावर. तबकड्या अजून ताईंकडेच आहेत, त्यांचा भाव ठरायचा आहे.

पुढच्या बैठकीला आणखी दोघी आपापल्या पेट्या घेऊन येणार आहेत. त्यांना आणि तुम्हालाही एक विनंती. येताना चिंच लावून, पॉलिश मारून आणू नका. जुना मुलामा आणि छाप निघून गेला की भाव उतरतो. धूळ तेवढी झटका आणि तशीच घेऊन या.