फरशीची तहान

घराचे काम चालू असेल तर गवंड्याजवळ थोडा वेळ उभे राहून पाहा. भिंतीला लावायच्या टाइल्स तो आधी पाण्यात बुडवून ठेवतो. जमिनीची पोर्सेलीन फरशी, म्हणजे बाजारातली ‘व्हिट्रिफाइड’, मात्र तो कोरडीच बसवितो. असे का बरे?

१ किलोग्रॅम वजनाची भिंतीची टाइल १०० ग्रॅमहूनही अधिक पाणी पिऊ शकते. ती कोरडी लावली, तर सिमेंटमधलेच पाणी शोषून घेईल आणि सिमेंट कच्चे राहील. पोर्सेलीन सुमारे १२०० अंश सेल्सिअसला भाजतात. त्या उष्णतेत फेल्डस्पार वितळतो आणि कणांमधल्या फटी बुजवितो. म्हणून १ किलोग्रॅम पोर्सेलीन फार तर ५ ग्रॅम पाणी पिते.

मग दुकानदार सीलरची बाटली कशासाठी पुढे करतो? फरशीवर काचेसारखी झिलई असेल, तर खुशाल नको म्हणा. ते पैसे वाया जातील. पण बिनझिलईची फरशी घासून चकचकीत केलेली असेल, तर गोष्ट वेगळी. भाजताना आत अडकलेले वायूचे बुडबुडे घासताना कापले जातात आणि पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे खळगे उघडे पडतात. पांढऱ्या फरशीचे सांधे काळ्या ग्राउटने भरले, की त्याचे बारीक कण या खळग्यांत जाऊन बसतात. सिमेंट घट्ट झाल्यावर त्यांची काळसर छाया कितीही पुसली तरी निघत नाही.

आत मुरणारा सीलर म्हणजे छिद्रावरचे झाकण नव्हे. केशाकर्षणाचा नियम आठवा : नळी जितकी बारीक, तितके पाणी उंच चढते. १ मि.मी.च्या हजाराव्या भागाएवढी त्रिज्या धरून गणित करा. उत्तर सुमारे १५ मीटर येईल! अट एकच, पाण्याने नळीची भिंत भिजविली पाहिजे. सिलिकोनच्या जातीचा सीलर नेमकी हीच अट मोडतो. स्पर्शकोन ९० अंशांच्या वर गेला, की तीच नळी पाण्याला आत ओढण्याऐवजी बाहेर ढकलते. (तेलाला मात्र हा सीलर फारसा अडवीत नाही, हे स्वयंपाकघरासाठी लक्षात ठेवा.)

आता वेळेचा प्रश्न सुटतो. घासलेल्या फरशीला पहिला हात फरशी पक्की बसून कोरडी झाल्यावर, पण सांधे भरण्यापूर्वी द्यावा. तो कडांना लागू देऊ नये, कारण पाणी झटकणाऱ्या कडेला ग्राउट नीट धरत नाही. जादा सीलर लगेच पुसावा; फरशी तो पिणार नाही आणि वर चिकट थर राहील. दुसरा हात सांध्यांना. सिमेंटचे ग्राउट सच्छिद्र असते, म्हणून त्याला सीलर लागतोच. एपॉक्सीच्या ग्राउटला नाही. पण इथे घाई नको. छिद्रे पाण्याने भरलेली असताना सीलर आत शिरणार कोठून? दोन-तीन दिवस तरी थांबावे, पावसाळ्यात अधिक.

तुमच्या फरशीला पहिला हात हवा की नको, हे उरलेल्या तुकड्यावर पाहता येईल. त्यावर शाईचा एक थेंब टाका, अर्ध्या तासाने ओल्या फडक्याने पुसा आणि भिंगातून पाहा. निळे ठिपके राहिले, तर गवंड्याला सांधे भरण्याआधीच थांबवा.