दिवा शाबूत, ड्रायव्हर गेलेला

फॉल्स सीलिंगमधला पॅनेल लाइट आधी लुकलुकतो आणि मग बंद पडतो. वायरमन तो उतरवून 'गेला' म्हणतो, आणि त्या जागी अख्खा नवा दिवा येतो. जुन्या दिव्यातल्या एलईडी बहुतेक वेळा ठणठणीत असतात. गेलेला असतो तो वायरीच्या टोकाचा छोटा पांढरा डबा, म्हणजे ड्रायव्हर. तो सुटा मिळतो आणि दिव्यापेक्षा स्वस्त पडतो. पण दुकानात '१२ वॉटचा द्या' एवढंच सांगितलं, तर चुकीचा ड्रायव्हर गळ्यात पडायची शक्यता बरीच.

घरात येते २३० व्होल्टची एसी वीज. पांढऱ्या एलईडीला लागतात साधारण ३ व्होल्ट, तेही डीसी. पण खरी अडचण पुढेच आहे. जुन्या पिवळ्या बल्बला दाब थोडा जास्त मिळाला तर प्रवाहही थोडाच वाढायचा. एलईडीचं तसं नाही. ३ व्होल्टच्या आसपास दाब एक-दोन दशांशाने वाढला, तरी प्रवाह दीडपट-दुप्पट होऊ शकतो. शिवाय एलईडी तापली की तेवढाच प्रवाह तिच्यातून कमी दाबावर वाहतो. म्हणजे दाब स्थिर ठेवला, तर ती तापेल तसा प्रवाह वाढणार, प्रवाह वाढेल तशी ती आणखी तापणार, आणि शेवटी जळणार. म्हणून पॅनेलचा ड्रायव्हर दाब नाही, प्रवाह स्थिर राखतो. दाब लागेल तसा कमी-जास्त करतो.

आता डब्यावरची बारीक अक्षरं वाचा. 'आउटपुट ३०० एमए, २४–४२ व्होल्ट' असं काहीसं दिसेल. पॅनेलमध्ये १२ एलईडी एकापुढे एक जोडलेल्या असतील तर त्यांना ३६ व्होल्ट लागतील, आणि ३०० मिलीअँपिअरला हिशेब होतो १०.८ वॉट. दुसऱ्या पॅनेलमध्ये त्याच १२ एलईडी सहा-सहाच्या दोन ओळींत असतील, तर त्याला १८ व्होल्ट आणि ६०० मिलीअँपिअर लागतील. वॉट तेवढेच, पण एकाचा ड्रायव्हर दुसऱ्याला चालणार नाही. म्हणून आधी मिलीअँपिअर जुळवा, मग व्होल्टची कक्षा. वॉट सगळ्यात शेवटी. दुकानदार नेमकं उलटं करतात.

टीव्हीमागे किंवा पीओपीच्या खाचेत लावायच्या स्ट्रिपचा कायदा निराळा. तिच्यात दर तीन एलईडींमागे एक रेझिस्टर असतो. १२ पैकी ९ व्होल्ट एलईडी घेतात, उरलेले ३ रेझिस्टर घेतो आणि प्रवाहाला लगाम घालतो. म्हणून स्ट्रिपला १२ व्होल्टचा स्थिर दाबाचा सप्लाय चालतो. मीटरला १४.४ वॉट खाणारी ५ मीटर स्ट्रिप म्हणजे ७२ वॉट. तिला ७५ चा सप्लाय देऊन काठावर चालवू नका, १०० चा घ्या. लांब पट्टी दुसऱ्या टोकाला मंद दिसत असेल तर दोन्ही टोकांना वीज द्या. लांबी जास्तच असेल तर सरळ २४ व्होल्टची स्ट्रिप घ्या.

ड्रायव्हर मरतो तो बहुधा उष्णतेने. आतला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर हळूहळू सुकतो. ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी उतरलं की त्याचं आयुष्य दुप्पट होतं. १०५ अंशांना ५,००० तास टिकणारा कपॅसिटर ८५ अंशांना सुमारे २०,००० तास काढतो. म्हणजे पीओपीवर रॉकवूलखाली दडपलेल्या ड्रायव्हरची रवानगी लवकरच ठरलेली. चांगल्या ड्रायव्हरवर 'टीसी' अशा खुणेचा ठिपका असतो. त्या जागचं तापमान छापील आकड्यापुढे जाता कामा नये. कपॅसिटर थकला किंवा मुळातच कंजूषपणे लहान घातलेला असला, की प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्यांना ते सहसा दिसत नाही, मोबाइलच्या कॅमेऱ्यात मात्र काळे पट्टे सरकताना दिसतात. अभ्यासाच्या टेबलावर असा दिवा नको.

वेष्टनावर आयएस १५८८५ हा मानक क्रमांक आणि नोंदणीचं चिन्ह बघून घ्या. आणि ड्रायव्हर जोडताना मेन स्विच बंद ठेवा. ही फक्त शॉक टाळायची बाब नाही. चालू ड्रायव्हरला भार नसला की त्याचा दाब वरच्या मर्यादेपर्यंत चढून बसतो. त्याच क्षणी पॅनेलची पिन खोचली तर साठलेली वीज एका झटक्यात एलईडींवर आदळते. आधी पॅनेल जोडा, मग स्विच दाबा.