चिप एकाची, आज्ञावली कोणाची?

ग्राफिक्स चिप मुळात पडद्यावरचे ठिपके रंगवण्यासाठी आली. एकच हिशेब हजारो आकड्यांवर एकदम करायची तिची हातोटी हवामानाच्या गणितालाही उपयोगी पडते. फक्त तिला ते सांगायची सोय हवी. एनव्हिडियाने २००६ मध्ये ‘कुडा’ जाहीर केली, ती स्वतःच्याच चिपांसाठी. २००८ मध्ये आलेली ‘ओपनसीएल’ मात्र सर्वांना खुली.

कांदिवलीच्या घरी मी दोन रांगांची बेरीज दोन्हींत लिहून पाहिली. ओपनसीएलमध्ये चिप शोधा, कामाची रांग उघडा, आज्ञावली तिथल्या तिथे भाषांतरित करा, आणि मग बेरीज! कुडात यातले बरेचसे आपोआप होते. पण माझ्या मते खरा फरक पाडला तो एनव्हिडियाने फुकट वाटलेल्या गणिताच्या तयार संचांनी. संशोधकांनी त्यांवरच आपल्या आज्ञावली रचल्या. एएमडीने २०१६ मध्ये ‘आरओसीएम’ काढली, सोबत कुडातला मजकूर आपल्याकडे वळवून घेणारे साधनही. म्हणजे प्रतिस्पर्ध्यालाही कुडाचेच वळण गिरवावे लागले.

पुण्याच्या सी-डॅकचा ‘परम सिद्धी-एआय’ नोव्हेंबर २०२० मध्ये जगात ६३ वा ठरला, तोही एनव्हिडियाच्या चिपांवर. उद्या दुसऱ्या कंपनीची स्वस्त चिप घेतली, तर त्यावरची प्रत्येक आज्ञावली पुन्हा तपासावी लागेल.