कोरफडीचा गर आणि पिवळा चीक

कोरफडीच्या पानात तीन थर असतात. बाहेर जाड हिरवी साल, सालीला आतून लागून कडू पिवळा चीक आणि मधोमध पारदर्शक, बुळबुळीत गर. केसांना लावायचा तो गर. चीक निथळून टाकायचा. गेल्या काही दशकांत मराठी घरांतून कोरफड गेली आणि परतही आली. परत आला तो गर; चीक निथळण्याची रीत मागेच राहिली.

ही वनस्पती मूळची अरबस्तानातली, पण भारतात ती फार जुनी. संस्कृतात तिला कुमारी, घृतकुमारी म्हणतात आणि भावप्रकाशात तिचे वर्णन आहे. तिचे आजचे शास्त्रीय नाव निकोलास बर्मन या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने १७६८ साली दिले. वैद्यांनी ती मुख्यतः पोटाच्या विकारांसाठी वापरली: रसाचे कुमारी आसव केले आणि वाळवलेला चीक, म्हणजे काळा बोळ, रेचक म्हणून दिला. केसांसाठी ती घराघरांतल्या बायकांच्या हाती राहिली. परसात मोरीच्या पाण्यावर ती वाढे. दृष्ट लागू नये म्हणून दारावर उलटे टांगलेले रोपही मातीशिवाय महिनोन्महिने हिरवे राही.

रीत साधी होती, पण तिला क्रम होता. दोन-तीन वर्षांच्या रोपाचे बुडाजवळचे, जाड, बाहेरचे पान कापायचे. कापलेले टोक खाली करून ते वाटीत तिरके उभे ठेवायचे. थोड्याच वेळात वाटीच्या तळाशी पिवळा, उग्र वासाचा चीक साठतो. त्यात अलोइन नावाचे द्रव्य असते आणि नाजूक कातडीला तो लागला की खाज सुटते, लाली येते. मग पान धुवायचे, दोन्ही कडांचे काटे सुरीने उतरवायचे, वरची साल काढायची आणि चमच्याने गर खरवडून पुन्हा पाण्याखाली धरायचा. हा गर फडक्यातून गाळून केसांच्या मुळांशी लावायचा आणि अर्ध्या तासाने कोमट पाण्याने धुवायचा. केस फार कोरडे असतील तर रात्री भिजवलेली मेथी वाटून त्यात घालायची. गरात ९८ टक्क्यांहून जास्त पाणी असते आणि उरलेल्यात पाणी धरून ठेवणाऱ्या शर्करा असतात, म्हणून तो केसांना मऊपणा देतो. तो किंचित आम्लधर्मी असल्याने साबणासारखा केस खरखरीत करत नाही.

तेलाची रीत याहून नाजूक. गर आणि खोबरेल लोखंडी कढईत मंद आचेवर चढवायचे आणि गरातले सगळे पाणी उडेपर्यंत ढवळत राहायचे. तडतड थांबली की तेलात कापसाची वात बुडवून पेटवायची. वात तडतडली तर पाणी शिल्लक आहे. शांत जळली तर तेल झाले. वैद्यांच्या तेलपाकातली ही परीक्षा चुलीपाशी बसणाऱ्या बाईला पाठ असे. पाणी राहिलेले तेल आठवड्या-दोन आठवड्यांत खवट होते, नीट झालेले पुढच्या न्हाण्यांना पुरते.

१९९० ते २००० या दहा वर्षांत हे सगळे मोडले. शांपूची पुडी त्याआधीच निघाली होती. तमिळनाडूतल्या कडलूरमधून चिक शांपूची सुरुवात १९८३ सालची. पण रुपयाच्या, पुढे आठ आण्यांच्या पुड्यांच्या माळा गावागावांतल्या किराणा दुकानांत लोंबू लागल्या त्या नव्वदच्या दशकात. केबलबरोबर जाहिराती आल्या. १९९४ साली सुश्मिता सेन आणि ऐश्वर्या राय यांनी सौंदर्यस्पर्धांत जगज्जेतेपदे मिळवली आणि ब्यूटी पार्लर तालुक्याच्या गावापर्यंत पोचले. वाडे पाडून फ्लॅट झाले, परस गेले. सकाळची लोकल धरणाऱ्या बाईला अर्धा तास डोक्याला गर लावून बसणे जमेना, आणि तिला त्याबद्दल दोष देणे अन्यायाचे आहे. शांपूने तिचा वेळ खरोखर वाचवला.

दोष द्यायचा तो त्या काळच्या प्रचाराला. तेल लावलेले केस म्हणजे गावंढळपणा, घरचा लेप म्हणजे मागासलेपणा, असे त्याने एका पिढीच्या मुलींच्या मनावर ठसवले. आज्यांना कोणी काही विचारले नाही. न्हाण्यासाठी शिकेकाई, रिठा, आवळकाठी, नागरमोथा, गव्हला कचोरा उन्हात वाळवून गिरणीत नेले की गिरणीवाला ते धान्यानंतर, शेवटी दळी आणि रांगेतल्या सगळ्यांना शिंका येत. गिऱ्हाईक तुटले तसे गिरण्यांनी हे दळण घेणे सोडले. घराघरांतले या मिश्रणाचे माप त्या दळणाबरोबर गेले. हे नुकसान पुढच्या कुठल्याही बाटलीने भरून निघालेले नाही.

२००० नंतर तीच कोरफड ‘अ‍ॅलोव्हेरा’ होऊन दुकानातून परत आली. हिरव्यागार जेलच्या बाटल्यांवर तिचे चित्र ठळक असते. खरा गर हिरवा नसतो. तो पाण्यासारखा असतो आणि उघडा राहिला तर थोड्याच वेळात गुलाबी-तपकिरी होतो. बाटलीवर घटकांची नावे साधारण उतरत्या प्रमाणात असतात. कोरफडीचे नाव सुगंधाच्या आसपास असेल तर त्या जेलमध्ये कोरफड नावापुरतीच आहे.

२०२० च्या टाळेबंदीत पार्लर बंद झाले आणि माणसे पुन्हा कुंडीकडे वळली. ही चांगली गोष्ट होती. पण शिकवायला आजी नव्हती, मोबाइलवरचे मिनिटभराचे व्हिडिओ होते. पान मधोमध चिरून चिकासकट डोक्यावर घासणे, गर महिनाभर फ्रिजमध्ये ठेवणे, न शिजवलेला गर तेलात कालवून बाटली भरणे, हे सगळे त्यातूनच पसरले. ताजा गर फ्रिजमध्ये चार-पाच दिवसच नीट राहतो. आठवड्यात केस दुप्पट वाढतात हा दावा तर निखालस खोटा आहे. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात आणि आनुवंशिक टक्कल कोरफडीने भरून येत नाही. कोंड्यासारख्या विकारावर मात्र तिला थोडा शास्त्रीय आधार आहे: त्वचेच्या तेलकट भागांतल्या दाहावर १९९९ साली ४४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत कोरफडीच्या मलमाने खाज आणि खपल्या कमी झाल्या. तिच्या नावावर एवढे जमा असताना खोट्या दाव्यांची गरज नाही.

पहिल्यांदा गर लावणाऱ्याने तो आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहावी. खाज सुटली तर डोक्याला लावू नये. वाढलेल्या कोरफडीच्या बुडाशी पिल्ले फुटतात. पूर्वी ती शेजारी मागून नेत. आजही कोणाला पिल्लू द्यावे, आणि देताना पान वाटीत उभे करून चीक निथळून दाखवावा.