बाबांची आठवण नेमकी कोणाची?

सावनेर तालुक्यातले, कन्हानच्या काठचे वाकी सूफी संत ताजुद्दीनबाबांमुळे वाकी शरीफ झाले. बाबा मूळचे कामठीचे, जन्म १८६१चा. वाकीच्या काशिनाथराव पाटलांकडे त्यांचा मुक्काम असे. इथल्या एका आंब्याच्या झाडाखालच्या जागेला बाबा दवाखाना म्हणत, दुसऱ्या एका जागेला शाळा. ही नावे अजून भाविकांच्या तोंडी आहेत.

बाबांच्या चरित्रांतला सगळ्यात अवघड प्रसंग मात्र नागपूरच्या पागलखान्याचा. १८९२ साली त्यांना तिथे ठेवले गेले. सुमारे सोळा वर्षांनी राजे रघुजीराव भोसल्यांनी हमी देऊन त्यांना सोडवले आणि शक्करदऱ्याच्या वाड्यावर नेले. इथवर चरित्रांचे एकमत. पागलखान्यात का ठेवले, असे विचारले की कथेला फाटे फुटतात. विवस्त्र फिरताना गोऱ्या साहेबांच्या मंडळींसमोर आले म्हणून पाठवले, असे एक सांगणे. गर्दीला कंटाळून बाबांनीच तिकडे जायचे ठरवले होते, असे दुसरे. आत कोंडलेले असतानाही ते बाहेर फिरताना लोकांना दिसत, हे त्यापुढचे.

यातले काय खरे? दाखल होणे ही सरकारी कारवाई, तिचा कागद असू शकतो. 'बाबांनीच ठरवले' हा सांगणाऱ्याने लावलेला अर्थ, त्याला कागदाचा पुरावा मिळणे कठीण. बाहेर दिसणे ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर. भक्त यात मुद्दाम खोटे बोलतो असे मला वाटत नाही. त्याच्यापुढे खरा पेच आहे: ज्याला आपण मालिक मानतो, तो कोठडीत गेलाच कसा? संतचरित्रांत कल्पना बहुधा अशाच ठिकाणी शिरते. गुरूचा अपमान झाला, तो आजारी पडला किंवा वारला, की लेखणी सावरून घेऊ लागते. वाचताना तिथे थोडे थांबावे.

सावरून न घेताही आठवणी लिहिता येतात, हे विदर्भातच सातशे वर्षांपूर्वी दिसून आले. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी गेल्यावर त्यांचे अनुयायी म्हाइंभट यांनी अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात 'लीळाचरित्र' लिहिले. स्वामींना पाहिलेल्या माणसांना ते गावोगाव जाऊन भेटत. कोणी शेतात राबत असेल तर त्याच्याबरोबर राबून आठवण काढून घेत, अशी कथा पंथात आहे. (ही कथाही अर्थात आठवणच.) जमवलेले ते स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांच्यापुढे तपासून घेत. एकाच प्रसंगाची दोघांनी वेगळी हकीकत सांगितली, तर एक खोडून टाकलेली नाही. 'वासना' म्हणून ती शेजारी ठेवलेली आहे. मूळ पोथी पुढे परचक्राच्या धामधुमीत गेली. पंथीयांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली, म्हणून आज तिचे अनेक पाठ आहेत. स्वामींना परमेश्वर मानणाऱ्यांनीच हा काटेकोरपणा पाळला, याचे मला फार अप्रूप वाटते.

स्वतःच सांगितलेल्या चरित्रात काय खरे हा प्रश्न आणखी गुंततो. संत बहिणाबाईंनी (१६२८–१७००) आत्मनिवेदनात आपले आधीचे बारा जन्म सांगितले आहेत. त्यांची शहानिशा कोण करणार? पण त्याच निवेदनात नवऱ्याने केलेली मारहाणही आहे. पतिव्रताधर्माचा गौरव करणारी बाई पतीची अशी गोष्ट रचून सांगेल, हे पटत नाही. सांगणाऱ्याच्या सोयीचे नसलेले वाक्य मला अधिक विश्वासाचे वाटते. पूर्वजन्म मात्र इतिहास म्हणून वाचू नयेत. ब्राह्मण घरातल्या या बाईने तुकोबांना गुरू केले. त्या ओढीला तिने स्वतःपुरते शोधलेले कारण म्हणून ते वाचावेत.

ताजुद्दीनबाबा १९२५ साली गेले. त्यांना पाहिलेले कोणी आता भेटणे नाही, पण आजोबांकडून, पणजीकडून ऐकलेले सांगणारी घरे वाकीत आणि कामठीत भेटू शकतात. नवे चरित्र लिहिणाऱ्याने पागलखान्याच्या सगळ्या हकीकती एकाखाली एक द्याव्यात. प्रत्येकीखाली कोणी, कोणाकडून ऐकले, हेही लिहावे. म्हाइंभटांना ते कागदाच्या टंचाईच्या काळात जमले होते.